शेवटच्या बोटीआधी

फौजेतून निवृत्त झाल्यावर दादा घरी बसेल असं वाटलं होतं. तो गेला दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात, संशोधकांच्या तळावर गाड्या दुरुस्त करायला. औंधात लोकांना आधी ती थापच वाटली. आईनं मात्र यमाईच्या पायरीवर नवस बोलून टाकला: लेक परत येईपर्यंत गार पाणी पिणार नाही. तेव्हापासून फ्रिजमधलं सोडाच, माठातलंही ती पीत नाही. अंगणातल्या हंड्यातलं पिते.

फेब्रुवारीत टीव्हीवर बर्फाचा एक कडा कोसळला. आठवडाभर कोसळतच राहिला, तोच कडा, खाली लाल पट्टी. आई टीव्हीसमोरून हलेना. मग एक पत्रकार आला. तिला रडू येईपर्यंत त्यानं प्रश्न विचारले आणि रडणं तेवढं दाखवलं. दुसऱ्या दिवशी तालुक्याचे पुढारी दारात हजर. उभ्या जन्मात त्यांनी बर्फ पाहिला असेल तो गोळ्याच्या गाडीवर. 'आमचा जवान परत आणा' असं निवेदन आणि कॅमेरेवाला बरोबर घेऊनच आले होते. मी चहा केला; साखर मुद्दाम कमी घातली. सहीसाठी आईनं एक दिवस मागून घेतला.

त्या संध्याकाळी दादाचा फोन आला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. घरच्यांची ना असेल तर तिथल्या हिवाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीनं परत जा, असं तळावरच्या साहेबांनी त्याला सांगितलं होतं. त्याला राहायचं होतं. कोसळलेला कडा त्याच्यापासून फार लांब होता. पण बर्फ खालून हळूहळू वितळतोय, संशोधक तेच मोजतात आणि त्यांच्या गाड्या आपण चालू ठेवतो, असं तो समजावत राहिला.

"मग त्ये का न्हाई दावत टीव्हीवर?" आईनं विचारलं.

"त्याचा आवाज हुत न्हाई, आई. हळू जातंय."

आमची विहीर अशीच आटली होती. दर उन्हाळ्यात एखादी पायरी जास्त उघडी पडायची. बाबा रोज सकाळी काठावर उभे राहून वाकून बघायचे. दुसरं कुणी बघायला आलं नाही. तळ दिसला तेव्हा टँकर आला, आणि त्याच्यासोबत पुढारी आणि फोटोवाले. मला बाबा आठवले. आईलाही आठवले असणार, तिनं पदरानं डोळे पुसले.

"बघणारं कुणीतरी पायजेच," ती म्हणाली. "ऱ्हा तू."

सही झाली नाही. पुढारी फणफणत गेले, पण तोवर टीव्हीला दुसरं काहीतरी मिळालं आणि त्यांनाही. बोट दादाला न घेता निघाली.

आता वैशाख तापलाय. भर दुपारी आई हंड्यातलं कोमट पाणी पिते, मला बघवत नाही. परवा मीच दादाकडं तक्रार केली आणि फोन आईच्या हातात दिला.

"आई, गार पाणी पी की आता. मी खुशाल हाय हितं."

"तू आल्यावर," आई म्हणाली. "दोघं मिळून पिऊ."