तर्री आणि चरबी

पांढुर्ण्यातल्या नोकरीतली एक घटना अजून डोक्यातून गेलेली नाही. एका माणसाला मी विनाकारण आत टाकणार होतो.

एका खानावळ मालकाने खिम्याचा डबा घेऊन ठाण्यात येऊन तक्रार दिली. त्याची दोन-तीन गिऱ्हाइकं जेवून आजारी पडली होती. "खाटीक खिम्यात चरबी मिसळून राहिला साहेब. डब्बा पाहा, बोटभर थर आहे." लोकांनी तोवर खाटकाचं दुकान बंद पाडलं होतं. तपासणी खरं तर अन्न विभागाची. पण तिथून अहवाल यायचा केव्हा आणि तोवर खाटकाने पोट भरायचं कसं?

मी घराण्यातला पहिला बी.एस्सी. म्हटलं, आपणच मोजू. दुकानातला पाव किलो खिमा पंचांसमोर जप्त केला आणि त्यातला अर्धा देऊन ठाण्याच्या मेसच्या आचाऱ्याला नीट सांगितलं, साध्या पाण्यात उकळ.

पातेल्यावर तांबडा थर तरंगत आला. खानावळवाला हसला. खाटकाला तासभर उलटसुलट विचारलं. तो एकच सांगत राहिला की मिसळलं नाही. मी अटकेचे कागद काढायला सांगितले. थर खरवडून वजन करायचं म्हणून पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं.

दुपारी काढलं तर थर पातळच. थोडे पांढरे कण, बाकी सगळं वाहतं. बकऱ्याची चरबी थंडीत गोठते, हे शाळकरी पोरालाही कळतं. आचाऱ्याला बोलावलं.

"तेल टाकलं का रे?"

"मंग? तेलाबिगर खिमा शिजते का, साहेब? थोडीशी फोडणीच त दिली."

कपाळावर हात मारून घेतला. उरलेला खिमा स्वतः उकळला. गार झाल्यावर पांढरी पातळ चकती निघाली. सोनाराच्या काट्यावर जेमतेम दोन तोळे भरली, एवढी चरबी चांगल्या खिम्यातही असतेच. खानावळीचा डबाही फ्रिजमध्ये ठेवला. तोही वाहताच राहिला. आता प्रश्न मालकाला होते. अर्ध्या तासात त्याने कबूल केलं, की रश्श्यावर तेलाची लाल तर्री दिसली नाही तर गिऱ्हाईक थाळीला हात लावत नाही, म्हणून तो तेच तेल पुन्हापुन्हा तापवून वर ओतायचा.

खाटकाला सोडलं. दुकान उघडून द्यायला मी स्वतः गेलो, चूक झाली म्हणालो. तो शटर वर करत होता. वळून त्याने विचारलं, "त्या दुपारी लाईट जाऊन फ्रिज बंद पडला असता, त मी आत असतो का साहेब?"

पांढुर्ण्यात लाईट रोज जायची. तेव्हापासून मी आरोपीला विचारण्याआधी पुरावा कुणाकुणाच्या हातातून आला ते विचारत आलो.