कौल कोल्हापूरचा, रांग माझी

सोमवार, ८ डिसेंबर. हातखंबा तिठा, सकाळचे पावणेसात. हजर: मी, माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, त्याची बायको, माझी वहिनी, आणि वहिनीच्या हातात कोल्हापूरच्या एका खासगी हॉस्पिटलचं गुळगुळीत माहितीपत्रक. गैरहजर: माझा नवरा अविनाश. त्याला आयर्लंडमध्ये रजा मिळाली नाही.

मुंबईची बस मला उतरवून रत्नागिरीकडे निघून गेली. टपरीवाल्याने स्टोव्ह नुकताच पेटवला होता. दादाने बॅग उचलली, माझ्याकडे एकदा वरून खाली पाहिलं आणि म्हणाला, "वाळलीस गो शैले. परवाचीच अपॉइंटमेंट घेतलीय."

"कोणाची?"

"तुझी. कोल्हापूरला."

वाचकांना आधी परिस्थिती सांगते. दीड वर्षापूर्वी आम्ही दोघं आयर्लंडला राहायला गेलो. मी तिथे एका वृद्धाश्रमाचं कोठार सांभाळते. याद्या करणं हेच माझं काम. पोटात दुखायला लागलं तेव्हा सरकारी दवाखान्यात तपासणी झाली, पित्ताशयात खडे निघाले, शस्त्रक्रियेच्या यादीत नाव लागलं आणि त्यानंतर वर्षभर सगळं शांत होतं. खासगीत जायचं तर विमा हवा. विमावाल्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं, की आधीपासून असलेल्या दुखण्याला पहिली काही वर्षं विमा लागू होत नाही. राहिला तो मार्ग, जो परदेशातला प्रत्येक मराठी माणूस जेवणाच्या ताटावर सुचवतो: "इंडियात जाऊन करून या." मी वहीत तीन रकाने आखले: तिकडचं सरकारी, तिकडचं खासगी, इकडचं. तिसरा रकाना स्वतःच्या डोळ्यांनी बघून भरायचा म्हणून तीन आठवड्यांची रजा काढून आले होते. तो माझ्याआधी दादाने भरून ठेवला होता.

आमचं गाव लांज्यापासून आत, कातळावर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, म्हणजे सड्यावर). डिसेंबरात सड्यावरचं गवत वाळून सोनेरी होतं आणि आंब्याच्या कलमांना मोहोर धरू लागतो. लांज्यात गाडी थांबवून दादाने माझ्यासाठी शहाळी घेतली. मी रत्नागिरीचं सरकारीही बघणार म्हटल्यावर रस्ताभर तो एकच मुद्दा वेगवेगळ्या शब्दांत मांडत होता. परदेशातून आलेली बहीण सरकारीत ठेवली तर लोक काय म्हणतील? मी म्हटलं, "लोकांच्या पित्ताशयात खडे नाहीत." वहिनी खिडकीबाहेर बघून हसली. दादा हसला नाही.

घरी पोचल्यावर कळलं, की प्रकरण अपॉइंटमेंटच्याही पुढे गेलं आहे. दादाने ग्रामदेवतेला कौल लावला होता. (कौल म्हणजे देवाच्या मूर्तीला पाण्याने फुलाच्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.) कौल उजवा आला होता. साऱ्या वाडीला ठाऊक झालं होतं. आता कोल्हापूरला न जाणं म्हणजे देवाचा शब्द मोडणं.

मी वाद न घालता दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात गेले. दाजी गुरव गाभारा धूत होते. मला लहानपणापासून ओळखतात.

"दाजी, माझ्याबद्दल देवाला नेमकं काय विचारलंत?"

"इचारला की, बायचा आपरेशन कोल्हापुरास करावा काय. देवान उजवी दिली. एका दमात. लोंबलीपन नाय."

"आणि रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्याचं?"

"त्याचा नाय इचारला. भावान सांगितला तेवढाच इचारला."

"आणि माझ्या तिकडच्या दवाखान्याचं?"

दाजींनी फडकं पिळलं. "तो देवाच्या हद्दीत कुठं येतो?"

मागून आलेला दादा म्हणाला, "शैले, देवळात वाद नको."

"वाद देवाशी नाही, तुझ्याशी आहे. तू त्याला एकच दार दाखवलंस, तो दुसऱ्यातून कसा जाईल? आणि पोट माझं, तर मला न विचारता प्रश्न कसा गेला?"

"पुन्हा लावूया म्हणतेस?"

"नाही. आता मी ठरवणार."

 निघताना दाजींनी माझ्या हातावर तीर्थ घातलं ते नेहमीपेक्षा जास्त. ते माझ्या बाजूने होतं की माझी काळजी वाटली म्हणून, ते मी विचारलं नाही.

त्या दिवशी दुपारी मी स्वतःच चूक केली. वहिनीने खापरोळ्या केल्या होत्या. (जाळीदार जाड धिरडी; ती गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खातात.) तेलकट, तुपकट, नारळाचं, सगळं मला वर्ज्य. मी सकाळपासून पेजेवर होते. वहिनी म्हणाली, "वन्सं, एक खा. एकाने काय होतंय?" मी दोन खाल्ल्या. तीन वाजता बरगडीखाली कोणीतरी पहार घालून फिरवावी तसं झालं. मी जमिनीवर बसले ती मला उठताच येईना. घाम, उलटी. वहिनी रडत होती, "माझ्या हातानं दिलं."

दादाने गाडी काढली. पालीला रस्ता फुटतो: एक बाजू आंबा घाटातून कोल्हापूर, दुसरी हातखंब्यावरून रत्नागिरी. दादाने उजवीकडचा दिवा लावला.

"डावीकडे घे," मी म्हटलं.

"शैले, देवानेसुद्धा उजवी दिलीय!"

"घाटात मला काही झालं तर देव उतरून ढकलणार आहे का गाडी? जवळचं कुठलं? रत्नागिरी. डावीकडे घे, दादा."

मागून वहिनी ओरडली, "अहो, घ्या ना डावीकडे!" लग्नानंतर एवढ्या मोठ्याने ती पहिल्यांदाच नवऱ्यावर ओरडली असावी. दादाने गाडी डावीकडे घेतली.

सरकारी रुग्णालयात अपघात विभागात इंजेक्शन मिळालं, सलाईन लागलं, तासाभरात पहार निघाली. ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, ताप नाही, कावीळ नाही. उद्या सकाळी सर्जरीच्या ओपीडीत या. मुक्काम वहिनीच्या बहिणीकडे. दादा बाहेरच्या खोलीत बसून मोबाईलवर कोल्हापूरचे फोटो बघत होता.

बुधवारी आठ वाजता मी केसपेपरच्या खिडकीसमोर बायकांच्या रांगेत उभी होते. खरं सांगते, मला अभिमान वाटत होता. माझी दोन्ही बाळंतपणं, आता नोकरीला लागलेल्या मुलांची, सरकारीत झालेली. दादाने कितीही नाकं मुरडली तरी मी इथलीच, या रांगेतली, असं मी मनात घोळवत होते. माझ्यापुढे एक बाई होती, कानात जाड कुड्या, पायाशी पिशवी. मिरकरवाड्याला मासळी विकते म्हणाली. तिलाही खडेच. बोटींचा हंगाम बुडेल म्हणून तिने स्वतःच तीन महिने दुखणं अंगावर काढलं होतं.

"तुमी कुठून आलाव?"

"लांज्याजवळून."

"नाय गो. पर्शीला इमानाचा कागूद हाय."

बघते तर खरंच, विमानतळाची चिठ्ठी लोंबत होती. मग सांगावंच लागलं.

"तिकडं सरकारी दवाखाना नाय?"

"आहे. पण रांग फार मोठी."

"आन हितं काय हाय? मांडव?" मागच्या दोघीतिघी हसल्या. तिने मात्र माझ्याकडे सरळ पाहिलं. "म्हंजे तुमी तिकडची रांग चुकवून आमच्या रांगेत आलाव. आमी आमची चुकवून कुठं जायाचा?"

मी म्हटलं, "मी पण इथलीच आहे, बाई. माझी मुलं सरकारीतच झाली."

"तवा व्हतीस. आता पगार कुठं व्हतो?"

"तिकडे."

"मंग तिकडच्या डाक्तराचा मानगूट धर. भांडायला तर लय भारी दिसतंस."

मला राग आला. दोन-तीन तोडीस तोड उत्तरं सुचलीसुद्धा. पण ती मनात उभी करून बघितली तर एकही उभं राहीना. दादाला मी सुनावत होते, कोल्हापूर नको, मी सामान्य माणसासारखी रांगेत उभी राहीन. आणि उभी होते दुसऱ्याच्या रांगेत. माझ्या पगारातून दर महिन्याला कर कापून घेणारी रांग समुद्रापलीकडे होती. तिथे मी एकदाही आवाज चढवला नव्हता. नवीन माणूस, परका उच्चार, उगाच कशाला, म्हणून गप्प बसले होते. माझी सगळी तडफ लांजा तालुक्यात.

सर्जन बाई पस्तिशीच्या असतील. तिथेच काढलेली सोनोग्राफी बघितली. मी वही उघडली तेव्हा त्या म्हणाल्या, "प्रश्नांना नंबर घालून आणलेला पेशंट पहिल्यांदाच बघतेय. विचारा."

किती दिवस थांबता येईल? महिनाभर, पथ्य पाळून, वर्षभर नाही. विमानप्रवास? पथ्य पाळून हरकत नाही. धोका कशात? दुखण्याबरोबर ताप, थंडी किंवा डोळे पिवळे. तसं झालं तर घड्याळ न बघता अपघात विभाग गाठायचा. मग त्या म्हणाल्या, "इथे करायचं असेल तर पुढच्या गुरुवारची एक जागा आहे."

वहिनीने माझा हात दाबला. दादासुद्धा, मला वाटतं, त्या क्षणी कोल्हापूर सोडायला तयार होता.

"ती जागा माझ्या मागच्याला द्या," मी म्हटलं. "मला चिठ्ठी द्या. काल किती तीव्र दुखलं, सोनोग्राफीत काय दिसलं, किती थांबता येईल. सही-शिक्क्यासकट."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नीट विचार केलाय?"

"आत्ताच केला."

बाहेर आल्यावर दादा फुटला. मांडवीच्या धक्क्यावर आम्ही गाडी लावली होती, समोर शांत समुद्र, आणि हा ओरडतोय. "कौल नको, कोल्हापूर नको, सिव्हिल नको! मग आलीस कशाला? तुला हवंय तरी काय?"

"माझी रांग. पण पुढे सरकलेली."

"आणि तोवर काही झालं तर?"

मी वही मिटली. "भीती मला पण वाटते, दादा. पण दुखणं घेऊन दर वेळी मी इथे पळत आले, तर तिथे मी कायमची पाहुणीच राहीन. पाहुण्याला कोण विचारतं?"

तो धक्क्याच्या कठड्यावर बसला. मग म्हणाला, "वाडीत काय सांगू?"

"सांग, देवाने होकार दिला होता, बहीण ऐकली नाही. देवावर काही येणार नाही."

वहिनी म्हणाली, "खापरोळ्यांचं नका सांगू." तेव्हा कुठे तो हसला.

उरलेले दिवस मी मऊ भात आणि फळं खाल्ली, मोहोरात फिरले आणि ठरल्या दिवशी आयर्लंडला परतले. घरी फ्रिजवर माझ्या नावाचं एक बंद पाकीट चुंबकाने लावलेलं होतं. अविनाश म्हणाला, "तुझ्या नावाचं. मी कसं उघडू?" आत तिकडच्या रुग्णालयाचं पत्र: तुम्हाला अजून शस्त्रक्रियेच्या यादीत राहायचं आहे का? ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही, तर नाव काढून टाकू. मुदतीला दोन दिवस बाकी होते.

म्हणजे यादी लहान होते ती अशी. कोणी मायदेशी जाऊन करून येतो, कोणी पैसे टाकून खासगीत जातो, आणि ज्यांना चार शब्द सुनावता आले असते तेच आधी निघून जातात. मागे राहतात ते गप्प राहणारे. मी त्यांच्यातली एक होते, बाराही महिने.

"हो" समोर खूण केली. रत्नागिरीची चिठ्ठी जोडली. पोस्टावर विश्वास न ठेवता स्वतः रुग्णालयात जाऊन खिडकीवर दिलं आणि पोच मागितली. खिडकीवरची मुलगी म्हणाली, पोच द्यायची पद्धत नाही. मी म्हटलं, मी थांबते. अर्ध्या तासाने तिने कागदावर शिक्का मारून दिला. चिठ्ठी सोमवारी सर्जनसमोर जाईल, असंही सांगितलं. जाईलच असं नाही सांगितलं.

वहीत आता दोन रकाने खोडले आहेत. उरलेल्यात एक ओळ आहे: सोमवार, सकाळी नऊ, फोन करून तारीख मागणे. त्यापुढे खूण अजून नाही.