उजव्या दाराची पट्टी

कॅल्गरीत आमच्याकडे दोन गाड्या होत्या. नवऱ्याची नवी, ती गॅरेजमध्ये असायची. माझी जुनी, निळी, ती बाहेर बर्फात. ग्रोसरी स्टोअरच्या बेकरीत पहाटेची पाळी मिळाली तेव्हा मी ती माझ्या पगारातून घेतली होती. उणे तीसमध्येही ती पहिल्या किल्लीला सुरू व्हायची. तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की मला राग यायचा.

त्या वर्षी उन्हाळ्यात काचांच्या खाली रंगाला फोड आले. आत गंज धरला होता. आणखी एक हिवाळा काढला असता तर दारं कुजली असती, म्हणून मी रंगवाल्याकडे गेले. त्याने एक अट घातली. काचेखालच्या चारही पट्ट्या तुम्हीच काढून आणा, म्हणाला. जुन्या गाडीच्या पट्ट्या मोडतात आणि गिऱ्हाईक आमच्या नावाने ओरडतं. पार्ट्सच्या दुकानात विचारलं, तर या मॉडेलच्या पट्ट्या यायच्या बंद झाल्या होत्या. म्हणजे आहेत त्याच न मोडता काढायच्या आणि त्याच परत बसवायच्या.

दाराच्या पत्र्याला काच जिथे भिडते तिथे बाहेरून जी काळी लांब पट्टी असते, ती ही. वरून रबर, आतून पातळ पत्रा. आपल्याकडे गॅरेजवाले तिला बीडिंग म्हणतात. ती पावसाचं पाणी अडवते आणि वारा आत येऊ देत नाही. एकदा वाकली की मात्र पुन्हा पहिल्यासारखी सरळ होत नाही.

मला याची काळजी वाटत नव्हती. पुण्याजवळच्या एका गाड्यांच्या कारखान्यात मी पाच वर्षं दारांच्या लाइनवर काम केलं होतं. प्रॉडक्शनचा डिप्लोमा करून लागले होते. सुरुवातीला पट्ट्या बसवल्या. नंतर इतरांनी बसवलेल्या तपासायच्या, आणि वाकडी बसलेली पट्टी रंगाला ओरखडा न आणता काढून द्यायची, हे माझंच काम होतं. हा नवरा लग्नाआधी त्याच कारखान्याच्या गेटवर स्कूटर घेऊन उभा राहायचा. माझ्या युनिफॉर्मला ग्रीसचा वास येतो म्हणून हसायचा. तेव्हा ते हसणं मला आवडायचं.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी मी ड्राइव्हवेवर कामाला बसले. काचा पूर्ण खाली घेतल्या. पट्टीच्या खालच्या रंगावर मास्किंग टेप चिकटवला. दार उघडल्यावर कडेला जो एक स्क्रू असतो तो चारही दारांचा काढून वाटीत ठेवला. स्वयंपाकघरातलं लाकडी उलथनं घेतलं, कारण लोखंड रंगात घुसतं आणि लाकूड घुसत नाही. फक्त हवा गार होती आणि गार रबर ताठ असतं, म्हणून हेअर ड्रायर आणि लांब वायर आणायला मी बेसमेंटमध्ये गेले. पाच मिनिटं लागली असतील.

वर आले तर नवऱ्याचा मित्र आलेला. हाही पुण्याचा, मेकॅनिकल इंजिनियर, डाउनटाउनमध्ये तेलाच्या पाइपलाइनी डिझाइन करतो. सगळी तयारी मी केलेली, आणि हा आयत्या बिळावर नागोबा होऊन उजव्या पुढच्या दारापाशी उभा. हातात स्क्रूड्रायव्हर, तो माझ्याच डब्यातला.

“थांबा, थांबा,” मी ओरडले. “तो नका घालू. आधी रबर गरम करायचंय.”

“वहिनी, तुम्ही राहू द्या,” तो म्हणाला. “दोन मिनिटांचं काम आहे. तुम्ही चहाचं बघा.”

“अहो, मी हेच काम पाच वर्षं...”

“अरे, ही एच.आर.ला होती तिकडे,” नवरा मध्येच मित्राला म्हणाला. मग माझ्याकडे वळून, “अगं, तो मेकॅनिकल आहे. करू दे ना.”

मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. एच.आर.? मी नवऱ्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. तेव्हा कळलं की हे त्याने आत्ता सुचून म्हटलेलं नाही. हे तो आधीपासून सांगत आला होता, सगळीकडे, आणि माझ्यापर्यंत ते आज पहिल्यांदा पोचलं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढं साधंही ते नव्हतं. ठरवून केलेलं होतं. पाइपलाइनवाल्यांत बसताना बायको कारखान्यात उभी राहून दारं जोडायची, हे त्याला सांगवत नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि तरी तोंडातून शब्द फुटेना. त्या गप्प बसण्याचा राग मला आजही येतो.

तेवढ्यात कट्‌ असा आवाज आला. मित्राने पट्टीच्या बरोबर मध्यावर स्क्रूड्रायव्हर खुपसून ती बाहेर ओढली होती. पट्टी मध्येच दुमडली आणि खाली पत्र्यापर्यंत रंगाचा टवका उडाला.

“जुन्या गाडीचं असंच असतं,” तो म्हणाला. “ब्रिटल झालंय सगळं.”

मी त्याच्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. “बाजूला व्हा दोघेही,” म्हणाले.

मागच्या दारापासून सुरुवात केली. ड्रायर फिरवून रबर मऊ केलं. उलथनं पट्टीच्या टोकाशी घातलं, मध्ये नाही. थालीपीठ कडेने सोडवत आणावं लागतं, मध्येच उचकटलं की तुटतं, तसंच हे. वीतभर सुटली की पुढे सरकायचं, आणि ओढायचं ते सरळ वर, कधीच बाहेर नाही. एक पट्टी निघाली, मग दुसरी, मग तिसरी. तिन्ही अखंड. चौदा वर्षांनी हात चालत होते आणि त्यांना काहीच विसरायला झालं नव्हतं.

“वहिनी, हे कुठे शिकलात?” मित्राने विचारलं.

“कारखान्यात,” मी शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. “दारांच्या लाइनवर. उभं राहून. पाच वर्षं.”

आमची दहा वर्षांची मुलगी दारात येऊन उभी होती. तिने आधी माझ्याकडे आणि मग बापाकडे पाहिलं. “बट डॅड सेड यू वर इन एच.आर.!”

नुसत्या मित्रालाच खोटं सांगितलं असतं तर मी सोडूनही दिलं असतं. पण ही माझ्या पोटची पोर, आणि तिलाही माझ्याबद्दल खोटंच सांगितलेलं. नवरा म्हणाला, “चला, चहा घेऊ.” चहा त्यालाच करावा लागला.

गाडीला रंग लागला. वाकलेली पट्टी मी लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकून जमेल तेवढी सरळ केली आणि बसवली. दिसायला बरी दिसायची. पण नव्वदच्या पुढे वेग गेला की उजव्या बाजूने बारीक शिट्टी वाजायची. नवरा महिनाभर माझ्याशी जपून बोलत होता, पण त्या विषयावर चकार शब्द नाही. मी वाट पाहत राहिले.

जानेवारीत त्याची गाडी दुरुस्तीला होती, म्हणून आम्ही माझ्या गाडीने एडमंटनला निघालो. मी चालवत होते, तो शेजारी, मुलगी मागे. हायवेला लागताच शिट्टी सुरू झाली.

“व्हॉट्स दॅट नॉइज?” मुलीने विचारलं.

“ओल्ड कार आहे ना,” नवरा म्हणाला. “होतं असं.”

मी गाडी रस्त्याच्या कडेला, शोल्डरवर घेतली आणि बंद केली. बाहेर उणे वीस होतं.

“गाडी जुनी आहे म्हणून होत नाही हे,” मी म्हणाले. “सांग तिला. सगळं सांग. तोपर्यंत मी किल्ली फिरवत नाही.”

काचांवर वाफ धरायला लागली तेव्हा तो बोलला, मागे न वळता. “युअर मॉम बिल्ट कार डोअर्स. इन अ फॅक्टरी. शी वॉज व्हेरी गुड. आय टोल्ड पीपल समथिंग एल्स.”

मला वाटलं होतं, याने खरं सांगितलं की माझा राग जाईल. गेला नाही.

“व्हाय?” मुलीने विचारलं.

तो समोर बघत राहिला. मी थांबले. त्याला वेळ लागत असेल तर लागू दे म्हटलं. शेजारून ट्रक गेला की गाडी हलायची. तीन-चार ट्रक गेले. मग मी किल्ली फिरवली आणि गाडी रस्त्यावर घेतली. नव्वदच्या पुढे पट्टी वाजायला लागली, आणि एडमंटन येईपर्यंत त्या गाडीत दुसरा कुठलाही आवाज नव्हता.