अहमदपूरचे रुपये मी खोटे ठरवले

माझ्या वयाच्या बायका यात्रा कंपनीबरोबर काशीला जातात, मी निजामाच्या रुपयांमागे नांदेडला निघाले. अख्खी नोकरी बँकेत कॅशियर म्हणून काढली, त्यामुळे खोटं नाणं आपल्या हातून सुटत नाही, असा माझा पक्का समज होता. हा ब्लॉग वाचणारे अहमदपूरचे एक निवृत्त शिक्षक आहेत. आईचे चांदीचे रुपये, चारमिनारची छाप असलेले, त्यांना लेकीला लग्नात द्यायचे होते आणि त्याआधी खात्री करून हवी होती. निम्मे त्यांच्याकडे, निम्मे उदगीरला मोठ्या बहिणीकडे. दोन्हीकडचे बघून जा म्हणाले, आणि मला एवढं निमित्त पुरलं.

पुण्याहून रात्री बसलं की रेल्वे सकाळी नांदेडला सोडते. गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये जेवले आणि बाजारात शिरले. एकानं पथारीवर राणीछाप रुपये मांडले होते. तीन नाण्यांवर राणीच्या गालावर एकाच जागी तोच ओरखडा, म्हणजे एकाच साच्यातून ओतलेली. मी तसं बोलून दाखवल्यावर तो शांतपणे म्हणाला, मॅडम, तुमी घेणाऱ्या न्हाई दिसत. नवख्यांसाठी सांगते: फरशीवर पडताना खरं नाणं घंटेसारखं वाजतं, निजामाचा रुपया साधारण अकरा ग्रॅम भरतो, आणि कडेवर कानशीचा घाव दिसला की सावध व्हायचं, कारण ओतलेल्या नाण्याची कड घासूनच सारखी करतात. लोहचुंबकावर विसंबू नका, चांदीसारखं दिसणारं जर्मन सिल्व्हरही त्याला चिकटत नाही. त्या दिवशी मी भलत्याच तोऱ्यात होते.

दुसऱ्या दिवशी एसटीनं लोह्यावरून अहमदपूर. आम्हा बायकांना अर्धं तिकीट, रस्ता चांगला, आणि लोह्याच्या स्टँडवरचा चहा गोडमिट्ट. सर घ्यायला आले होते. घरी त्यांच्या पत्नीनं येसर आमटी, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची, आणि भाकरी वाढली. मी दोनदा आमटी मागून घेतली, ती खाण्यासाठी तरी अहमदपूरला थांबाच.

मग सरांनी देव्हाऱ्यातून रुपये आणले. पांढरेफटक, अक्षरं बोथट. फरशीवर टाकला तर बद्द आवाज. वजन कमी. कडेवर प्रत्येकाला एकाच ठिकाणी कानशीचा घाव. मला आणखी काय हवं होतं? ओतीव आहेत, मी म्हटलं.

सरांनी एक नाणं उचलून उगाच पुसलं. "म्हंजे अक्कानं बदलले? वाटणी तिनंच केली व्हती."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. नाणी आली कुठून, कशी ठेवली होती, हे आधी विचारायचं असतं. दुसऱ्यांना मी ते नेहमी बजावते. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. "कुणीतरी बदलल्याशिवाय थोडीच बदलतात," मी म्हणाले. सरांच्या पत्नी भांडी उचलून आत गेल्या. मी मात्र कामगिरी फत्ते केल्यासारखी सुपारी खात बसले.

सकाळी शिरूर ताजबंदवरून उदगीर. आधी किल्ला बघितला. सकाळी लवकर जा, नंतर दगड तापतो. तिथून बहिणीचं घर जवळ होतं. सरांसारखीच मीही त्यांना अक्का म्हणू लागले. त्या चुलीपुढे होत्या, आणि सरांनी आदल्या संध्याकाळीच फोन केल्याचं त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं. तरी त्यांनी मला पाणी दिलं, पाट दिला. मग आपल्या वाट्याचे रुपये आणून पुढ्यात ठेवले.

ती माळ होती. आईच्या गळ्यातली. प्रत्येक रुपयाच्या कडेला चांदीची कडी डाग देऊन, म्हणजे झाळून, जोडलेली. मी एक रुपया बोटावर तोलून टिचकी मारली. तोच बद्द आवाज. डाग दिलेलं नाणं वाजत नाही, हे मला माहीत आहे. अनेक वर्षांपासून माहीत आहे.

"अक्का, सरांच्या रुपयांनाही कड्या होत्या?"

"हाव की. सोनाराकडून काढून, उजळून दिले त्याला. देव्हाऱ्यात कड्याचे कसे ठेवायचे?"

घाव कडी काढून कड घासल्याचा होता, आवाज जुन्या डागानं बसला होता. वजन गळ्यात झिजून गेलं होतं, अक्षरं उजळताना गेली होती. मी तिथूनच सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, अक्काला द्या. मी फोन पुढे केला, पण अक्कांनी हात पुसलासुद्धा नाही.

"भाकर करायलेय म्हणावं." भाकरी उलटून त्या माझ्याकडे वळल्या. "रुपये खरे हायेत हे मला ठाऊकच होतं, बाई. भाऊ मला असं म्हणंल, हे न्हाई ठाऊक."

मी माफी मागितली. तुमचं काय चुकलं, तुमी परक्या, असं म्हणून त्यांनी मला जेवायला वाढलं. ते जेवण मला फार जड गेलं.

उदगीरहून लातूरला बसनं दोन तासांच्या आत पोचता येतं. गंजगोलाईच्या बाजारात फिरायचं, सराफांकडे जुनी नाणी बघायची असं ठरवलं होतं. एका दुकानाच्या पायरीपर्यंत गेले आणि परत फिरले. लॉजचे नऊशे रुपये देऊन दुपारभर नुसती पडून राहिले. दुसऱ्या दिवशी रेल्वेनं पुणे गाठलं. प्रवासाचा खर्च पाच हजारांच्या आत आला, नाणं एकही घेतलं नाही. तुम्ही जाणार असाल तर हिवाळ्यात जा, त्या भागातली माणसं अगत्याची आहेत. मी त्या अगत्याचं काय केलं, हे वर लिहिलंच आहे.

परवा सरांचा फोन आला. ते साडी घेऊन उदगीरला जाऊन आले होते. अक्का नीट बोलल्या, लग्नाला येते म्हणाल्या, आवडीचे धपाटे करून वाढले. सरांना वाटलं, मिटलं. निघताना अक्कांनी आईची माळ आणून त्यांच्या पिशवीत घातली. "हे बी ने," म्हणाल्या. "आन् देव्हाऱ्यात ठेवायच्या आधी तपासून घे."

"मॅडम, आता सगळे रुपये माझ्याकडंच हायेत," सर म्हणाले. "काय करू, सांगा."