दूषित पाण्याचा पाहुणचार

माझा स्वतःवर फारसा भरवसा न्हाई, म्हणून मी पाणी तपासायचं यंत्र बसवलं.

बदनापुरात आमचा जारच्या पाण्याचा धंदा आहे. घरामागंच टाकी. पाण्यात जरा गडबड दिसली, की हे यंत्र आपोआप त्या पाण्याचा नमुना बाटल्यांत भरून घेतं आणि तपासणीला जाईपर्यंत आतल्या कप्प्यात थंड ठेवतं. (आमच्या घरात न सांगता काम करणारं ते पहिलंच!)

त्या दिवशी मंगल कार्यालयाचे मालक शेषरावकाका पाणी चाखायला आल्ते. उन्हाळ्यातल्या सगळ्या लग्नांचं काम त्या एका घोटावर अडलेलं! आणि घरचा फ्रीज नेमका बंद. मी आत जाऊन बायकोला म्हणालो, "सुनंदा, काहीही कर, पण पाणी गार आण!"

ती दोन गार बाटल्या घेऊन आली. (बायकोनं कुठून आणलं, हे विचारायची आमच्याकडं पद्धत न्हाई.)

"वा! काय चव लागून राह्यली!" काका खूश.

"बिलकुल शुद्ध!" म्हणत मी दुसरी अख्खी बाटली उभ्या उभ्या घशात रिकामी केली. काकांची खात्री पटायला नको?

तेवढ्यात सुनंदानं चार्जिंगला लावलेला माझा मोबाइल आणून दिला. "तुमचं यंत्र सकाळपासून मेसेज पाठवून राह्यलंय."

'पाणी दूषित. नमुना घेतला आहे.'

मी बारीक आवाजात विचारलं, "बाटल्या कुठून आणल्या?"

"यंत्रातून! तिथंच तर गार होत्या."

काकांनी पुन्हा ग्लास पुढं केला. मी तो हिसकावलाच! "पिऊ नका! दूषित आहे!"

"अहो, आत्ता तर शुद्ध म्हनून राह्यलते!"

काकांनी पोट धरलं. त्यांचं बघून माझ्या पोटात असा मुरडा आला, की डोळ्यांपुढं काजवे! घरात संडास एक. काका उठले, मीही उठलो. पाहुण्याला आधी मान द्यावा हे मला कळतं, पण मी जल्दी पोचलो.

आत कडी लावतोय तोच बाहेर गोदाआत्या गरजली. ही माझी थोरली आत्या, राहायला आमच्याकडंच. "काय कालवा लावलाय? याच्या पाण्याला चवच न्हाई, मंग मीच पहाटं टाकीत वाळ्याची पुरचुंडी सोडली अन् वरून सैंधव मीठ टाकलं! त्यानं कोन मरतंय?"

बाहेर काकांचं पोट जागच्या जागी बरं झालं!

"मंग सगळ्या लग्नांना हेच वाळ्याचं पाणी द्या," ते म्हणाले. "पन आत्याबाई, पान्यात काहीच वंगाळ नव्हतं, तर हे आत कशाला पळाले?"

"भ्यालं असल!" आत्या म्हणाली. मग दार ठोठावून ओरडली, "ये बाहेर, बबन्या! काही झालं न्हाई तुला!"

मला 'येतो' म्हणायचं होतं. पण खरं सांगतो, मला अजून बराच वेळ लागणार होता!