शुभंकरने आणलेला लुंबा

प्रताप नगरच्या कोचिंग क्लासात गणित शिकवणारी मैथिली मॅडम त्या शनिवारी पहाटे पाचला उठली आणि सहा वाजेपर्यंत तिने कूलरला तीनदा ओवाळलं. हसू नका! चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदाच भावाला ओवाळायचं म्हणजे सराव नको? पहिल्या खेपेला वाऱ्याने निरांजन विझलं. दुसऱ्या खेपेला तबकातली सुपारी गडगडत पलंगाखाली गेली. तिसऱ्या खेपेला आई, म्हणजे विनयाताई, दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, उलटं ओवाळतेयस. घड्याळाच्या काट्यासारखा फिरव की हात. गणिताची मास्तरीण ना तू?"

ही मैथिली आठ महिन्यांपूर्वीपर्यंत त्याच क्लासात सर होती. वडील रेल्वेत. भुसावळहून बदली होऊन जयपूरला आले, इथेच निवृत्त झाले आणि इथेच गेले. घरात दोन मुलगे म्हणून वाढले, एक ही आणि दुसरा पाच वर्षांनी धाकटा शुभंकर. आपण मुलगी आहोत हे हिला शाळेपासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि आईपुढे तोंड उघडणं वेगळं. त्याला तिने बत्तीस वर्षं लावली. एकदा तोंड उघडलं मात्र, मग बाईसाहेबांना दम धरवेना. डॉक्टर, गोळ्या, कलेक्टर कचेरीतलं ओळखपत्र, सगळं आजच्या आज हवं! कान टोचायला सोनाराकडे गेली तर पुढे पाच वर्षांची चिमुरडी होती. तिने हूं की चूं केलं नाही. ही मात्र अशी किंचाळली की सोनाराने चिमुरडीसाठी काढलेली लिमलेटची गोळी हिच्या हातावर ठेवली.

नाव तिने रिया ठरवलं होतं. विनयाताईंनी तीन रात्री रडून घेतलं, चौथ्या सकाळी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "स्वतःचं बारसं स्वतः करतं का कुणी? ते काम आईचं. आणि रिया हे समोरच्या गुप्तांच्या कुत्रीचं नाव आहे." झालं, मैथिली ठरली. क्लासातल्या पोरांना दोनच दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्यांना सरांच्या मॅडम होण्यापेक्षा चाचणी परीक्षेची जास्त काळजी होती.

बिथरला तो शुभंकर. भांडला असता तर बरं झालं असतं. ही पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घालून क्लासला निघाली त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "मतलब, मी आता दादा कुणाला म्हणायचं?" आणि बॅग भरून टिळक नगरला मित्राच्या खोलीवर राहायला गेला. त्याला आठ महिने झाले. दर रविवारी आईला फोन करायचा, गुडघे कसे आहेत विचारायचा, गॅस आला का विचारायचा. हिचं नावसुद्धा काढायचा नाही. ज्या पोराला सायकलच्या मागे धावून धावून शिकवलं, त्याने असं करावं! तिला रागही यायचा आणि त्याची आठवणही यायची, आणि दोन्ही एकदमच यायचं.

आता राखीचं सांगते. या घरात बहीण नाही, म्हणून भुसावळहून रत्नप्रभा नावाच्या आतेबहिणीच्या दोन राख्या पोस्टाने यायच्या. बांधणार कोण? मग दोघं समोरासमोर बसायचे आणि एकमेकांना बांधायचे. लहानपणापासून हाच रिवाज. शुभंकरला तर कॉलेजात जाईपर्यंत वाटायचं की राखी अशीच असते.

या वर्षी मैथिलीने त्याला निरोप पाठवला होता, "शनिवारी दीडपर्यंत मुहूर्त आहे. नारळीभात आहे. ये." निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. शहाण्या माणसाने यावरून काय ते समजावं, पण ही कसली समजते! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! बाजारात जाऊन एका मनगटासाठी सात राख्या घेऊन आली, कारण एक निवडवेना. नवी साडी नेसली, हातात काचेच्या बांगड्या भरल्या, आणि त्या वाजतात म्हणून घरभर उगाच हात हलवत हिंडली.

बारा वाजले. एक वाजला. नारळीभात गार झाला. सव्वा वाजता विनयाताई म्हणाल्या, "चल, देवालाच बांधून टाकू."

"अजून पंधरा मिनिटं आहेत, आई."

तो आला नाही तर पुन्हा कधी बोलवायचा धीर आपल्याला होणार नाही, हे तिला पक्कं कळून चुकलं होतं. बांगड्या वाजू नयेत म्हणून तिने हात मांडीवर दाबून धरले.

आणि बेल वाजली.

दारात शुभंकर! एका हातात घेवर मिठाईचा डबा, दुसऱ्या हातात कागदाची पिशवी, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. मैथिलीची सकाळची सगळी तालीम पार उडाली. त्याला पाटावर बसवलं, पण डोक्यावर टाकायला रुमाल सापडेना, तर स्वयंपाकघरातलं फडकं टाकलं. ओवाळलं पुन्हा उलटंच. विनयाताईंनी कपाळावर हात मारला. सातांपैकी एक राखी बांधताना गाठ तीनदा सुटली. पण त्याने हात मागे घेतला नाही.

"आता तू हात कर," तो म्हणाला.

"अरे, राखी बहिणीने बांधायची असते."

"ते मला माहीत नाही. आपण दोघं बांधतो. दरवर्षी."

त्याने पिशवीतून वस्तू काढली, आणि ती पाहून मैथिलीला असं हसू फुटलं की निरांजन विझलं. लाल गोंडा, मोती, खाली दोन घुंगरं.

"येड्या, हा लुंबा आहे! बांगडीला बांधतात. इथल्या बायका तो वहिनीला बांधतात, वहिनीला!"

"मला काय माहीत?" शुभंकर कानापर्यंत लाल झाला. "मी दुकानात सांगितलं, माझ्या बहिणीसाठी राखी द्या. तो म्हणाला, बहिणीला राखी कोण बांधतं? मी म्हटलं, आम्ही बांधतो. मग त्याने लेडीज आहे म्हणून हे दिलं."

मैथिलीचं हसू थांबलं. भर बाजारात, रक्षाबंधनाच्या गर्दीत, अनोळखी दुकानदारापुढे तो बहीण म्हणाला होता. तिला कळायच्या आधीच तिचे डोळे वाहू लागले.

"दादा गेला म्हणून मी खूप रडलोय," शुभंकर खाली बघत म्हणाला. "मग परवा वाटलं, मला सायकल शिकवलेली, ते सगळं कुणाकडे आहे? मतलब... तुझ्याकडेच आहे ना?"

"माझ्याकडेच आहे रे. जाणार कुठे?"

तिने हात पुढे केला. त्याने लुंबा बांगडीला बांधला, एकाच झटक्यात, पक्की गाठ. सवय होती त्याला. घड्याळात दीड वाजून गेले होते, आणि विनयाताईंनी ते मुद्दाम पाहिलं नाही.

सोमवारी क्लासात फळ्यावर लिहिताना घुंगरं वाजत होती आणि पोरं हसत होती. मधल्या सुट्टीत शेजारच्या वर्गावर शिकवणाऱ्या शर्मा मॅडमनी तिचा हात धरला, "अरे मैथिली जी, लुंबा? शादी कब कर ली?"

"शादी नहीं. भाई ने बाँधा है."

"भाई कब से बाँधने लगे?"

"हमारे महाराष्ट्र में ऐसा ही होता है," तिने बेधडक ठोकून दिलं.

महाराष्ट्रात असं काही नसतं, तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. पण प्रताप नगरातल्या त्या एका घरात असतं, आणि पुढच्या वर्षीही असणार आहे.