एकशे अठ्ठावीसचा फरक

यंत्र बिघडलं की भालेराव साहेब आधी चहा सांगायचे आणि म्हणायचे, "पयलं मानसाला सोडा, मंग यंत्राकडं बगू." आंबवड्याचा हा गडी पुण्यात शिकून इंजिनिअर झाला, पण बोलणं गावचंच राहिलं. आम्ही कनिष्ठ त्यांची नक्कल करायचो. ती त्यांना ऐकू जायची, तरी चहा आमच्यासाठीही यायचा.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. वेल्ह्याच्या चौकीत त्यांनी पाऊस मोजायचं नवं यंत्र बसवलं. आकडे कागदावर न उमटता चिपमध्ये साठायचे. एका सकाळी आकडा निघाला एकशे चाळीस मिलिमीटर! आसपास सगळीकडे जेमतेम बारा. मोठ्या साहेबांनी तिथल्या तिथे निकाल दिला : चौकीदार किसनने यंत्रात पाणी ओतलं. त्याला घरी बसवलं.

"आईशप्पत सायेब, म्या हात बी न्हाई लावला," किसन रडकुंडीला आला होता. घरात कमावता तो एकटाच.

भालेराव आकड्याकडे बघत बसले. "एकशे चाळिसातनं बारा गेलं, ऱ्हायलं एकशे अठ्ठावीस. चिपमदी आकडा म्हंजे शून्य आन् एकाची रांग. त्यातलं आठव्या घरातलं शून्य उलटून एक झालं, की नेमकं एवढंच वाडतं. पानी वतनारा इतकं मापून कशाला वतंल?"

उपग्रहांतल्या चिपा अवकाशातल्या किरणांनी अशाच चुकतात, हे त्यांनी वाचलं होतं. ते किरण वरच्या हवेवर आदळले की फुटलेले कण जमिनीपर्यंत येतात. त्यातलाच एखादा आपल्या चिपला लागला, हा त्यांचा तर्क.

मोठे साहेब खो खो हसले. "दोष आभाळाचा? भालेराव, अहवालात कुणाचं तरी नाव लागतं. पुरावा आहे?"

"न्हाई. मंग माजं नाव लिवा. यंत्र म्याच निवडलं, म्याच बसवलं."

तसंच लिहिलं गेलं. किसन कामावर परतला आणि भालेरावांची बढती गेली. मला भयंकर संताप आला. त्यांना आला का, ते मला कधीच कळलं नाही.

पुढे परदेशी मासिकात लेख आला : जमिनीवरच्या चिपाही या कणांनी चुकू शकतात. मी धावतच तो त्यांच्याकडे नेला. "साहेब, आता तरी वर अर्ज करा!"

त्यांनी तो सावकाश, शेवटपर्यंत वाचला.

"आपल्या यंत्राला ह्येच झालं, आसं ह्यात कुटं लिवलंय?"

"तसं नाही, पण..."

"किसन हाय न्हवं कामावर?"

"आहे."

"झालं तर," म्हणाले, आणि मासिक मला परत दिलं.